बीआर म्हणजे ब्रिटिश रेल नव्हे

जानेवारी ते मार्च हा इंग्लंडातल्या आमच्या पिढीचा कोडांचा मोसम. पुढच्या एप्रिलपासून कोणाच्या पेन्शनमधून किती कर कापायचा हे सांगणारी तपकिरी पाकिटं याच दिवसांत घरोघर पडतात. पाठवणारं खातं एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं करखातं. इनलंड रेव्हेन्यू आणि कस्टम्स २००५ साली एकत्र झाले, पण आमच्यातले निम्मे लोक अजून ‘इनलंड रेव्हेन्यूचं पत्र आलंय’ असंच म्हणतात. नेमकं याच सुमाराला मंडळात हळदीकुंकू असतं. त्यामुळे होतं काय, की पर्समधून तिळगुळाची पुडी निघते आणि तिच्या पाठोपाठ घडी घातलेलं एक पाकीट निघतं. “तू पेरोलमध्ये होतीस ना गं? जरा बघतेस?”

होते. एका काउन्सिलच्या पगार विभागात माझी बरीच वर्षं गेली. हे कोड मी इतके टाइप केलेत की एखाद्याचा कोड पाहिला की त्याचं साधारण वय, नोकऱ्या आणि कधीकधी घरातली परिस्थितीही कळते. मात्र स्वतःची पाकिटं यायला लागेपर्यंत एक गोष्ट मी कधी लक्षात घेतली नव्हती. पगार असतो तेव्हा माणसाला कोडाकडे बघायची गरज पडत नाही. नोकरी एक, मालक एक, कोड एक. पेन्शनीत येतं ते आयुष्यभराच्या नोकऱ्यांचं सुटं सुटं उत्पन्न: एक इथून, एक तिथून, एक सरकारकडून. पैसे देणारे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची बेरीज फक्त एका ठिकाणी होते, आणि ते ठिकाण म्हणजे हा चार-पाच अक्षरांचा कोड.

ताईंची गोष्ट सांगते, कारण गेल्या वर्षभरात या विषयातलं जवळजवळ सगळं त्यांच्या वाट्याला आलं. ताई मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि सत्तरच्या दशकात इकडे आल्या. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बहुतेक रात्रपाळ्या. मधे मुलांसाठी नोकरी सोडली, पुन्हा धरली, म्हणून एनएचएसची पेन्शन मोठी नाही: महिन्याला ७०० पौंड. शिवाय सरकारची स्टेट पेन्शन. गेल्या वर्षी मार्चात त्यांचे यजमान गेले. ते ज्या कारखान्यात होते तिथल्या योजनेतून ताईंना एप्रिलपासून विधवा-पेन्शन सुरू झाली, महिन्याला १८० पौंड. तिची पहिली स्लिप घेऊन त्या आल्या आणि चष्मा वर सरकवत त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं.

“हे बीआर म्हणजे ब्रिटिश रेल का गं? ह्यांचा रेल्वेशी कधी काही संबंध नव्हता.”

बीआर म्हणजे बेसिक रेट. या पेन्शनवर करमुक्त सूट अजिबात नाही, पहिल्या पौंडापासून वीस टक्के कापायचे, एवढाच त्याचा अर्थ. १८०मधले ३६ गेले होते, हातात आले १४४. ताईंना आकड्याचं वाईट वाटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. “माझ्या पेन्शनीत थोडं कापतात, आणि ह्यांच्या पेन्शनीत मात्र सरसकट वीस टक्के. गेलेल्या माणसावर एवढा कर?”

मी म्हटलं, “ताई, त्यांच्यावर नाही. तुमच्यावर.”

हे ऐकायला कठोर वाटतं, पण सगळी गुरुकिल्ली इथेच आहे. कर पेन्शनवर नसतो, माणसावर असतो. जवळजवळ प्रत्येक माणसाला वर्षाला १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा आहे, आणि ती एकच आहे. मला समजवायला रेशनकार्डच सोपं पडतं, आणि आमच्या वयाच्या बायकांना ते लगेच पटतं. कार्ड एक, साखरेचा कोटा एक. एका दुकानातून तो उचलला की दुसऱ्या दुकानात साखर बाजारभावानेच मिळणार. ताईंचा कोटा एनएचएसच्या पेन्शनवर लागला होता. यजमानांची पेन्शन दुसरं दुकान. तिथे बाजारभाव, म्हणजे बीआर.

“पण मग माझ्या पेन्शनीत तरी पूर्ण सूट पाहिजे ना? बारा हजार कुठायत? मला वर्षाला मिळतात आठ हजार चारशे, त्यावरही कापतात!”

हा प्रश्न ताईंनी विचारला नसता तर मीच काढला असता, कारण दहातले आठ लोक इथेच अडकतात. ज्याला साधी एकच नोकरी आहे त्याचा कोड असतो १२५७एल. १२,५७०चा शेवटचा आकडा गाळला, पुढे एल लावला, झालं. ताईंच्या नोटिशीवर होतं २६९एल. म्हणजे जेमतेम २,६९० पौंडांची सूट. उरलेले जवळपास दहा हजार कुणी खाल्ले?

स्टेट पेन्शननं. साधारण दर चार आठवड्यांनी आपल्या खात्यात येणारी ही पेन्शन कधीच कापलेली नसते, पूर्ण येते. म्हणून अनेकांची पक्की समजूत असते की ती करमुक्त आहे. तशी ती नाही. ती करपात्र आहे, फक्त ती देणारं खातं कर कापत नाही. तिच्यावर स्लिप नाही, कोड नाही, वर्षभरात किती मिळालं आणि किती कर कापला हे सांगणारं वर्षअखेरचं पी-६० नाही. मग तिचा कर कोण घेणार? एचएमआरसी सोपी युक्ती करतं. करमुक्त मर्यादेतून स्टेट पेन्शन आधीच वजा करतं, आणि जे उरेल तेवढीच सूट दुसऱ्या पेन्शनला देतं. ताईंची स्टेट पेन्शन आठवड्याला १९० पौंड, वर्षाचे ९,८८०. बारा हजार पाचशे सत्तरातून ते गेले की २,६९०. नोटिशीच्या आतल्या पानावर हे तीन ओळींत छापलेलं असतं: वर वैयक्तिक मर्यादा, खाली वजाबाकीचं चिन्ह लावून स्टेट पेन्शन, त्याखाली उरलेली करमुक्त रक्कम. पहिल्या पानावरचा कोड बघून लोक पाकीट मिटतात. खरी गंमत दुसऱ्या पानावर असते.

म्हणजे एनएचएसच्या पेन्शनीतून जे कापलं जातं, ते तिच्या एकटीच्या वाट्याचं नाही. तिथे स्टेट पेन्शनचाही वाटा कापला जातो. एनएचएसची पेन्शन बिचारी दुसऱ्याचं बिल भरते आणि शिव्या खाते.

ताईंच्या बाबतीत आणखी एक झालं होतं. फेब्रुवारीत आलेल्या नोटिशीत कोड होता ३३९एल. मेमध्ये तो झाला २६९एल, आणि एनएचएसची रक्कम महिन्याला बारा-एक पौंडांनी घटली. त्यांना वाटलं, विधवा-पेन्शनची बातमी लागली म्हणून शिक्षा. कारण निराळं होतं. ताई जुन्या पद्धतीच्या स्टेट पेन्शनवर आहेत. त्या पद्धतीत यजमानांच्या नावावर साठलेल्या सर्प्सचा, म्हणजे स्टेट पेन्शनला जोडलेल्या जादा पेन्शनचा, काही हिस्सा विधवेला मिळतो. त्यांची मूळ १७६.४५ पौंडांची पेन्शन त्यामुळे १९० झाली. आठवड्याला साडेतेरा पौंड वाढले, म्हणून करमुक्त शिल्लक तेवढी आटली, म्हणून कोड उतरला. रक्कम वाढली एका पाकिटात, कात्री लागली दुसऱ्यात.

आम्ही कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेवर बेरीज मांडली. स्टेट ९,८८०, एनएचएस ८,४००, यजमानांची २,१६०. एकूण २०,४४०. त्यातून १२,५७० वजा, उरले ७,८७०. त्याचे वीस टक्के १,५७४. मग दुसऱ्या बाजूने: एनएचएसमधून २,६९० वगळून कापले जाणारे १,१४२, आणि बीआरने जाणारे ४३२. बेरीज १,५७४. दोन्हीकडून तेच. “म्हणजे बरोबर आहे?” ताई थोड्या हिरमुसल्या. चूक निघाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मला विचाराल तर कोडाची अक्षरं पाठ करण्यापेक्षा ही बेरीज शिकावी. सगळ्या पेन्शनींची एक, आणि सगळ्या पी-६० वरच्या कापलेल्या कराची एक. अक्षरं काय, वाटेल तितकी आहेत. के असेल तर स्टेट पेन्शनच मर्यादेच्या पुढे गेली आणि जादा रक्कम दुसऱ्या पेन्शनीत मिळवून कर लावायचा. सर्प्ससह १४,००० घेणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका आजोबांना असा के १४२ आहे. हा कोड काहीही असला तरी त्या पेन्शनीतून निम्म्याहून जास्त कापता येत नाही. डी-शून्य म्हणजे चाळीस टक्के. एनटी म्हणजे कापूच नका. एम असेल तर जोडीदाराकडून १,२६० पौंडांची सूट आलेली. शेवटी एम-१ लागला तर कोड तात्पुरता आहे, मागच्या महिन्यांचा हिशेब धरलेला नाही. खासगी पेन्शनचा गठ्ठा पहिल्यांदा काढणाऱ्यांना हा एम-१ जोराचा चावतो, कारण यंत्र समजतं की इतके पैसे हा माणूस दर महिन्याला काढणार. परत मिळतात, पण लवकर हवे असतील तर अर्ज भरावा लागतो. आकड्याआधी एस म्हणजे स्कॉटलंड, सी म्हणजे वेल्स. कार्डिफला राहणाऱ्या आमच्या एका मामांना सी लागल्यावर वाटलं होतं की आपल्याला तिसऱ्या वर्गात टाकलं.

कोडाचा खरा घोटाळा होतो तो उलट्या बाजूने, आणि तो कळत नाही, कारण तो सुखाचा असतो. दोन पेन्शनी, दोन्हींवर १२५७एल. समजा प्रत्येकी अकरा हजार. दोन्हीकडे मर्यादेच्या आत, दोन्हीकडे कर शून्य. वर्षभर माणूस खूश. मग उन्हाळ्यानंतर पी-८०० नावाचा हिशेब येतो की तुम्ही १,८८६ पौंड कमी भरले. तीन हजारांपर्यंतची अशी थकबाकी साधारणपणे पुढच्या कोडातच घालून वसूल करतात, म्हणजे पुढच्या वर्षी तोच माणूस म्हणतो की माझा कोड अचानक निम्म्यावर आला, हे लुटारू आहेत. पेन्शन देणाऱ्या ऑफिसात फोन करून उपयोग नसतो. ते सांगितलेला कोड लावतात, बस. मीही तेच करायचे. समोर रडणारा माणूस असला तरी पेरोलच्या बाईला कोड बदलायचा अधिकार नसतो.

ही सगळी व्यवस्था, पगारातूनच कर कापून घेण्याची, युद्धकाळातली. ६ एप्रिल १९४४ला ती सुरू झाली. तिचा आराखडा करणारे पॉल चेंबर्स त्याआधी, १९३७ ते १९४०, हिंदुस्थान सरकारचे आयकर सल्लागार होते, हे मला फार उशिरा कळलं आणि उगाचच बरं वाटलं. अर्थमंत्री किंग्जली वुड ज्या दिवशी संसदेत ही योजना जाहीर करणार होते, त्याच दिवशी, २१ सप्टेंबर १९४३ला, वारले. योजना थांबली नाही. ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बघ, माणूस जातो, कागद चालू राहतो.” आणि त्या खळखळून हसल्या. मार्चनंतर पहिल्यांदा.

कोथरूडला माझ्या जाऊबाई आहेत. त्यांनाही दोन पेन्शनी: शिक्षिका म्हणून स्वतःची, आणि दीर गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन. तिथे कोडबिड नाही. त्यांच्या दोन पेन्शनी दोन बँकांत येतात. त्या बँकांना एकमेकींचा हिशेब ठाऊक नसतो, आणि खरी बेरीज पॅनच्या खाली, जुलैत विवरणपत्र भरताना होते. त्यात कायद्याच्या लेखी स्वतःची पेन्शन म्हणजे पगार, आणि नवऱ्याची म्हणजे ‘इतर उत्पन्न’. पहिलीला नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट, दुसरीला एक तृतीयांश किंवा २५,०००, जे कमी असेल ते. मी त्यांना फोनवर इथली पद्धत सांगितली तर म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडे सरकार आधीच अंदाज बांधतं? आमच्याकडे आम्हीच बांधतो आणि चुकतो.” अंदाजच असतो तो, हे मात्र खरं. बँकेचं व्याजसुद्धा इथे मागच्या वर्षावरून अंदाजाने कोडात घालतात. ठेव मोडून तुम्ही ते पैसे नातवाच्या घराला देऊन बसलेले असलात तरी, तुम्ही कळवेपर्यंत, कोड जुन्याच व्याजावर चालतो.

ताईंकडे परत येते, कारण बेरीज जुळल्यावर विषय संपला असं मला वाटलं होतं. दिवाळीच्या फराळाचा डबा द्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “ती सूट सगळी एनएचएसलाच का? ह्यांच्या पेन्शनवर लावता येते का?”

येते. एचएमआरसीला सांगून मर्यादा दोन-तीन पेन्शनींत वाटून घेता येते. पण वाटायची कशासाठी? मी पेरोलच्या आवाजात म्हटलं, “ताई, एकूण कर तेवढाच राहणार. एका खिशातून न जाता दुसऱ्यातून जाईल. एका पौंडाचा फरक नाही.”

“मला माहितेय. कॅलेंडरावर मीच मांडलंय.” आणि मग, डब्याचं झाकण घट्ट करत, “ह्यांचे पैसे पूर्ण येऊ देत. कापायचं ते माझ्यातून कापा.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतक्या वर्षांत लोकांनी कर कमी करायला सांगितलं होतं, परत मागायला सांगितलं होतं. कर कुठून जावा याची इच्छा कुणी व्यक्त केली नव्हती. आकड्यांच्या दृष्टीने ही विनंती निरर्थक आहे. पण नियमात बसते, आणि गंमत म्हणजे आकड्यांतही बसत होती. शिल्लक सूट २,६९०, यजमानांची पेन्शन २,१६०. ती पूर्ण झाकून वर ५३० उरत होते.

फोन ताईंच्या नावाने, मी शेजारी. त्यांनी आधी राष्ट्रीय विमा क्रमांक सांगितला, जन्मतारीख सांगितली. मग पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून विचारलं की यामुळे तुमचा एकूण कर बदलणार नाही हे तुम्हाला माहीत आहे ना? ताई तिच्याशी वॉर्डात बोलावं तशा इंग्रजीत बोलल्या: हो डिअर, मला माहीत आहे, तू लिही. काही आठवड्यांनी दोन नोटिसा आल्या. यजमानांच्या पेन्शनला २१६एल, एनएचएसला ५३एल. पुढच्या स्लिपवर १८०चे १८० आले. एनएचएसचे तेवढे कमी झाले. ताईंनी पहिली स्लिप कपाटात ठेवली, दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही.

पण हे फार टिकणारं नाही. १२,५७०चा आकडा २०२१पासून तिथेच बसलाय आणि ताज्या घोषणेप्रमाणे एप्रिल २०३१पर्यंत हलणार नाही. स्टेट पेन्शन मात्र दरवर्षी वाढते. एप्रिल २०२६पासून नव्या पद्धतीची पूर्ण स्टेट पेन्शन आठवड्याला २४१.३० पौंड, म्हणजे वर्षाला १२,५४७ पौंड ६० पेन्स. करमुक्त मर्यादेत आणि तिच्यात उरले जेमतेम बावीस पौंड. जिला फक्त ही पेन्शन आहे तिची ती २०२७मध्ये मर्यादेबाहेर गेली तर काय, यावर मंडळात संक्रांतीपासून वाद चालू आहे. एवढ्याशा करासाठी अशांना बिल पाठवणार नाही असं सरकारने म्हटलंय, पण ज्यांना वर छोटीशी दुसरी पेन्शन आहे त्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. वाढ जाहीर होते तेव्हा टीव्हीवर टाळ्या, आणि कोड उतरतो तेव्हा तपकिरी पाकीट. दोन्ही एकाच गोष्टीची टोकं आहेत हे कुणी सांगत नाही.

ताईंचीही स्टेट पेन्शन वाढून १९९च्या घरात जातेय. मग सूट उरते २,२२४. यजमानांची पेन्शन महागाईप्रमाणे वाढून २,२४२ होईल. गेल्या आठवड्यात नवी नोटीस घेऊन त्या आल्या तेव्हा मी हे सांगायला जरा कचरत होते. आता ती पूर्ण झाकली जाणार नाही ताई, थोडंसं बाहेर राहतंय.

“किती कापतील?”

महिन्याला पंचवीस-तीस पेन्स, मी म्हटलं.

“तीस पेन्स?” ताईंनी नोटीस पाकिटात घातली. “घेऊ देत. ते स्वतः रोज याहून जास्त पार्किंगला घालवायचे.”